सराव मुलाखतीत सासूबाईंनी दिलेल्या उत्तराबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण प्रमुख,
आरोग्यवेध संशोधन केंद्र, पुणे

विषय : ऑनलाइन प्रशिक्षणात मिळालेल्या एका उत्तराचे पुढे काय करावे, हे माणसाच्या तोंडून कळणेबाबत.

संदर्भ : १) प्रशिक्षण ऑनलाइन केल्याचे आपले परिपत्रक. २) मोबाइलवरील प्रशिक्षणाच्या शंकापेटीत मी टाकलेले प्रश्न.

महोदया,

मी दीपाली चेतन गायकवाड, राहणार धायरी. आपल्या महिला आरोग्य पाहणीसाठी मुलाखतकार म्हणून माझी निवड झाली आहे. सविनय कळविते की,

१. आधीच्या तुकडीचे प्रशिक्षण मंडईजवळच्या सभागृहात झाले. त्यांना अनोळखी बायकांच्या मुलाखती घ्यायला मिळाल्या आणि कुठे अडले तर प्रशिक्षिका मैना मॅडम समोरच असत. आमच्या तुकडीचा प्रवासाचा त्रास वाचावा म्हणून सारे मोबाइलवर आले. त्रास वाचला, त्याबद्दल आभारी आहे.

२. सरावासाठी 'घरातील एका प्रौढ स्त्रीची' मुलाखत घ्यायची होती. आमच्याकडे प्रौढ स्त्री म्हणजे सासूबाई सुंदराबाई, आणि भाजीत मीठ कमी-जास्त झाल्याखेरीज त्या माझ्याशी बोलत नाहीत. तरी मी ओळखपत्र गळ्यात घालून समोर बसले. आपली माहिती कोणालाही, घरच्यांनाही, सांगितली जाणार नाही, हे नियमाप्रमाणे वाचून दाखविले. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. एरवी मला अगं-तुगं करणाऱ्या त्या मला 'अहो ताई' म्हणू लागल्या.

३. छातीत गाठ जाणवते का, या प्रश्नाला त्या 'हो' म्हणाल्या. दुखत नाही म्हणून बोलल्या नव्हत्या, आता वाढली आहे. माझ्या हातून मोबाइल पडला. त्यावर त्या म्हणाल्या, "सून म्हणून नाही सांगितलं तुला. पाहणीची बाई म्हणून विचारलंस, म्हणून सांगितलं. चेतनला कळता कामा नये. तुमच्या मॅडमना कळव, त्या म्हणतील तसं करीन."

४. मुलाखत पाठविताच 'प्रतिसादकाचा विश्वास संपादन केला' असे लिहून आले व मला पूर्ण गुण मिळाले. पुढे काय करावे, असे शंकापेटीत विचारले. उत्तर आले, 'सरावाची उत्तरे कोणीही वाचत नाही, निश्चिंत राहावे.' पुन्हा विचारले, तर प्रश्न या धड्याच्या कक्षेबाहेर असल्याचे कळले. मदत क्रमांकावरील गृहस्थांनी लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करण्यास सांगितले. तेही केले. गाठ आहे तिथेच आहे.

५. नवऱ्याला सांगावे, तर शब्द मोडतो आणि सासूबाई पुन्हा कोणापाशीच तोंड उघडणार नाहीत. न सांगावे, तर रोज त्यांच्या शेजारी बसून काही घडलेच नाही असे वागावे लागते. मी सासूबाईंच्या पाया पडले, रडले, रिक्षासुद्धा दारात आणून उभी केली. "मॅडमचं उत्तर येऊ दे," एवढेच त्या म्हणतात. मला फार भीती वाटते, महोदया. हे अर्जात लिहिण्याची रीत नाही, पण दुसरीकडे कुठे लिहू? इकडे आड, तिकडे विहीर, आणि शंकापेटी म्हणते निश्चिंत राहावे.

६. तरी मैना मॅडमनी, आपण स्वतः किंवा केंद्रातील कोणाही बाईंनी ओळखपत्र घालून एकदा आमच्या घरी यावे आणि सासूबाईंना 'दवाखान्यात जा' एवढे तोंडी सांगावे, ही विनंती. पुढचे सगळे मी बघेन. व्हिडिओ कॉल नको, मोबाइलमधल्या माणसाला सासूबाई माणूस मानत नाहीत. मुलाखतीतले आपल्याला कळविण्यात माझी चूक झाली असेल, तर माझी निवड रद्द करावी, मी तक्रार करणार नाही. धायरीपर्यंत येण्यात आपल्याला प्रवासाचा त्रास होईल, याची जाणीव आहे.

७. रोज सकाळी चेतन कामावर गेले की सासूबाई माझ्याजवळ येऊन हळूच विचारतात, "आलं का गं उत्तर?" कोणी वाचत नाही, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला होत नाही. मी सांगते, मॅडम वाचत आहेत.

आपली वाट पाहणारी,
दीपाली चेतन गायकवाड
धायरी, पुणे
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : पूर्ण गुणांचे प्रमाणपत्र. परत करीत आहे.