गोळीनंच आले का?

दादा, मागच्या महिन्यात हाताच्या खाजेसाठी मी परभणीला एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेले होते. त्यांनी मलम लिहून दिलं, आणि उठता उठता मी विचारलं, की रक्तदाबाच्या गोळ्यांनी अंगावर पांढरे डाग येतात का. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न मी तोवर कुणाला विचारला नव्हता.

नामांतराची ती वर्षं. तुम्ही चुडाव्याला गणित शिकवत होता, सुट्टीच्या दिवशी सभांना जात होता, आणि कुठल्या गावात काय जळालं हे घरात हळू आवाजात बोललं जायचं. एकदा फळ्यापाशी तुम्हांला भोवळ आली. बीपी निघालं, रोजची गोळी लागली. वर्षभरानं बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, मग ओठाचा कोपरा. आईनं आधी चुना लागला असेल म्हणून पदरानं पुसून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, गोळीनं असू शकतं, नसूही शकतं. त्यांनी गोळी बदलून दिली. डाग गेले नाहीत आणि फारसे पसरलेही नाहीत, त्यामुळे काहीच ठरेना. गोळीच सोडून बघा, असं आई म्हणायची. पण अर्धांग होऊन अंथरुणाला खिळलेले मोठे काका तुमच्या डोळ्यांसमोर होते. तुम्ही गोळी कधी चुकवली नाही.

त्यात जिंतूरकडची मंडळी मला बघायला येणार असं ठरलं. कोड म्हणजे खानदानी रोग, अशी लोकांची समजूत. डाग गोळीचे असले तर माझं लग्न अडणार नव्हतं. आदल्या दिवशी आई चुलीपाशी तुम्हांला समजावत होती.

"इचारलं तर गोळीनं झालं म्हणून सांगा. पोरीचं बघा जरा."

"डॉक्टर असंल म्हनले. हाय म्हनले न्हाईत."

"डॉक्टरला इचारायला कोन जायलंय?"



पाहुणे आले. पाणी झालं, नामांतराच्या गोष्टी झाल्या, तुम्ही स्वतः मुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बश्या पुढे केल्या. मुलाच्या मामांची नजर तुमच्या बोटांवर थांबली. "गुरुजी, हे काय झालंय?"

"पांढरे डाग हायेत."

"घरात आनखी कुनाला?"

"न्हाई. बीपीची गोळी चालू झाल्यावर आले. गोळीनंच आले का, ते डॉक्टरला सांगता येईना. मलाबी येत न्हाई."

"मंजी पोरीला बी व्हईल?"

"व्हनार न्हाई, असं मी कशाच्या जोरावर सांगू?"

मामांनी बशी खाली ठेवली. त्यानंतरचं बोलणं गाडीच्या वेळेबद्दल झालं. आठवडाभरानं निरोप आला, योग दिसत नाही. आई बरेच दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलत होती. मी पुढं शिकले, शाळेत लागले, उशिरा का होईना लग्न झालं, संसार नीट झाला. माझ्या अंगावर आजवर डाग आलेला नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, काही गोळ्यांनंतर काही लोकांत असं दिसल्याच्या नोंदी आहेत; पण कोड कुठल्याही वयात, काही कारण नसतानाही येतं. एका माणसाबद्दल मागं जाऊन सांगता येणार नाही. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. मी हसले, तेव्हा त्यांनी का म्हणून विचारलं. एका गुरुजींनी हेच सांगितलं होतं, एवढंच मी म्हणाले.

पाहुणे गेले त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं होतं, "तुला वाईट वाटलं का गं?" मी नाही म्हणाले, आणि तुम्ही मान हलवून वह्या तपासायला बसलात. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून आता खरं लिहिते. निघताना मामा पुढं झाले होते. मागं राहिलेल्या त्या मुलानं जयभीम म्हणून तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जरा वेळ तसाच धरला. मी आतल्या दारातून बघत होते. मला तो आवडला होता, दादा.