मागच्या सीटवर कोण होतं?

१२ जून २०२३
दवाखान्यातले केसपेपर मिळाले. दोन वर्षांत दुचाकी चालवताना जखमी झालेली, अठरा ते एकवीस वयाची पोरं — चारशे अकरा. बरीचशी बिडकीनकडच्या कारखान्यांत शिकाऊ. जिल्हा समितीला या पोरांसाठी नियम करायचाय. पुरावा काढायचं काम दवाखान्याच्या आमच्या आकडेवारी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. रेकॉर्ड रूमच्या गौहरबाई वाचून दाखवतात, मी टिपते.

१९ जून
आज गौहरबाई वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, ह्याच्याबी मागं दोस्तच होता."
पहिल्यापासून परत पाहिलं. शंभरात बासष्ट जणांच्या मागं दोस्त! ही पोरं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, आणि सगळी एकच गोष्ट सांगतायत. चहा तसाच गार झाला.

२० जून
पण रस्त्यावर सगळेच दोस्ताला घेऊन जात असले तर? मग या बासष्टला काय अर्थ!

२४ जून
तीन दिवस बिडकीनच्या फाट्यावर उभी राहिले, शिफ्ट सुटायच्या वेळेला. त्याच वयाची पोरं मोजली. शंभरात फक्त तीस गाड्यांवर मागं कोणी बसलेलं होतं.
रस्त्यावर तीस, दवाखान्यात बासष्ट. दोनदा ताळा केला. तेवढंच येतं. दोन वर्षं हे कपाटात पडून होतं — कोणी विचारलंच नाही.

८ जुलै
समितीची बैठक. नानासाहेब शिकाऊ पोरांच्या प्रशिक्षण संस्थेचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, पोरं माजलीत, हेल्मेटवर एक भाषण ठेवू, झालं. मी दोनच आकडे फळ्यावर लिहिले. नानासाहेबांनी ते वहीत उतरवून घेतले. मग विचारलं, "एकटा असला की तोच पोरगा नीट चालवतो व्हय?"
का ते मला माहीत नाही, मी म्हणाले. पण एकटा असला की अपघात कमी, एवढं दिसतंय.
ठरलं. लायसन नवं असेल तर पहिलं वर्ष मागं कोणाला बसवायचं नाही. सुरुवात नानासाहेबांच्याच संस्थेत. दोस्तांसाठी बस तेच लावणार.

२ ऑगस्ट
नियम लागू. पोरं लई चिडलीत म्हणे. गेटवर घोषणा दिल्या.

३० सप्टेंबर
आकडे अजून थोडे आहेत. काहीच म्हणता येत नाही. घाई करायची नाही.

११ डिसेंबर
गौहरबाईंनी वॉर्डात बोलावलं. संस्थेतला मुबारक, वय एकोणीस, पाय मोडलाय. टेम्पोनं मागून ठोकलं, गाडीचा मागचा भाग पार चेपला. मागं कोणी नव्हतं.
खाटेजवळ एक पोरगा त्याला खिचडी भरवत होता. नाव बन्सी. चमचा तसाच हातात धरून म्हणाला, "मी रोज ह्याच्याच मागं बसायचो, मॅडम. त्या दिवशी बसनं गेलो."