बाबांचा नमस्कार

प्रिय तेप्पेइ,

बत्तीस वर्षं डायलिसिसच्या सुया टोचून घेत जो माणूस चिवटपणे जगला, तोच आता एका नमस्कारासाठी जीव पणाला का लावतो?  मी विज्ञान शिकवते, पण इथे माझी अक्कल चालत नाही.

बाबांच्या मानेविषयी मी तुला अर्धवटच सांगितलं होतं. इतकी वर्षं रक्त यंत्रातून गाळलं, तरी एक प्रथिन मागे उरतं आणि सांध्यांत साचत राहतं. बोटं बधिर व्हायची तेव्हा बाबांनी ते मनगटाचं जुनंच दुखणं समजून सोडून दिलं. दुकानात सुकी मासळी बांधताना दोरी हातातून सुटू लागली, तेव्हा कुठे मी त्यांना मोठ्या इस्पितळात ओढून नेलं. मानेचे अगदी वरचे दोन मणके सैल झालेत. मान पुढे झुकली की ते मज्जारज्जूवर दाब देतात. डॉक्टर इनागाकी बाईंनी स्पष्ट सांगितलं, "एखाद्या वेळी श्वासही थांबेल." त्यावर बाबांनी काय करावं? "फार उपकार झाले," म्हणत खोल वाकले! बाई खुर्चीतून ओरडल्या, "मिझोबे-सान, मान!"

उपाय आहे. डोक्याच्या हाडापासून मानेपर्यंत सळ्या आणि स्क्रू बसवून सगळं पक्कं करायचं. बाबांची हाडं ठिसूळ आहेत, धोका आहे, हे बाईंनी लपवलं नाही. पण बाबांना धोक्याची भीती नाहीच. त्यांना खुपतं ते एवढंच, की नंतर मान कधीच झुकणार नाही. म्हणून शस्त्रक्रिया आपल्या लग्नानंतर. "पोरीला दुसऱ्याच्या घरी देताना बापाने खांबासारखं ताठ उभं राहायचं?" मी समजवायला गेले तर म्हणाले, "पदवी घेतलीस म्हणजे माझ्या मानेची मालकीण झालीस काय गं?"

गळ्याचा पट्टा दिलाय, तर दुकानाची घंटा वाजली की काढून गल्ल्यामागे लपवतात. पट्टा घालून गिऱ्हाइकाला नमस्कार म्हणजे म्हणे बूट घालून घरात शिरण्यासारखं! डायलिसिसला त्यांच्या शेजारच्या खाटेवर कुरामोतोकाका असतात. त्यांची हीच शस्त्रक्रिया झाली आहे. ते कमरेतून वाकून दाखवतात, "बघ, चालतंय की!" तर बाबा म्हणतात, "तू नमस्कार करतोस का दार लावतोस, तेच कळत नाही." त्यावर काका, "दार तर दार, पण तुझ्यासारखं बिजागरीतून निखळलेलं नाही!" सगळा वॉर्ड हसतो आणि मी दात-ओठ खाते.

आता तू आईवडिलांना घेऊन आमच्याकडे आला होतास त्या रविवारचं सांगते. बाबांनी चटईला कपाळ टेकवलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत, आठवतं? तुम्हाला वाटलं, काय हा विनय! तुझे वडील भारावून त्यांच्याहूनही खाली वाकले. मग बाबा उठणार कसे? पाहुणा वाकलेला असताना आपण आधी डोकं वर काढायचं नसतं ना! खरं म्हणजे मान झुकल्याने त्यांचे दोन्ही हात बधिर होऊन गळाले होते. मी चहा सांडल्याचं नाटक करून त्यांना खांद्याला धरून उचललं. तुम्ही गेल्यावर मी रडत होते आणि हे खूश! "व्याही खानदानी आहेत हो," म्हणाले. सांग, अशा माणसाचं करायचं काय? आणि नोव्हेंबरात लग्नाच्या सभागृहाच्या दारात उभं राहून ते ऐंशी पाहुण्यांपुढे असेच वाकणार होते.

तुझ्या आईने पत्रिकेचा कागदसुद्धा निवडलाय, मला ठाऊक आहे. त्या रागावतील आणि त्यांचं चुकणारही नाही. लग्न मी मोडलेलं नाही, तेप्पेइ. पण आज सकाळी सभागृहात जाऊन मी आपली तारीख सोडली. तिथून थेट डायलिसिसला गेले आणि कुरामोतोकाकांच्या देखत बाबांना सांगितलं, की वाकायला आता पाहुणेच येणार नाहीत.  त्यांनी विचारलं, "तेप्पेइला विचारलंस?" मी म्हटलं, नाही. "कार्टी," एवढंच म्हणाले आणि मला सोडून नर्सला सांगितलं, की इनागाकी बाईंना कळवा, मी येतो. तुला कळवायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. परवानगी मागत नाही. संध्याकाळी मी त्यांना इस्पितळात दाखल करून आले आहे.

रागावलास तरी तुझीच,
चिझुरू