तळहातावरची वाइन

रविवार, १४ डिसेंबर. संध्याकाळ.

लेकीने ऑस्ट्रेलियाहून लाल वाइन आणली, स्वस्तातलीच. पहिल्या घोटालाच माझं तोंड वाकडं झालं. सुमनला द्यावी काय? त्या तापानंतर दोन महिने तिच्या जिभेला चव नाही. माझ्या हातचं वरण मुकाट खाते, बिचारी. तरी तिनेच हात पुढे केला. वरणाची चव पाहावी तसा तळहातावर थेंब घेतला, चाटला, अन् थांबली.

"अहो, हे तं तुरट आहे! कच्च्या जांभळावानी."

"काय म्हणाली? परत सांग."

"तुरट! बहिरे झाले काय?"

लेक रडूनच राहिली होती. सुमनने पेला बाजूला सारला अन् वरण मागितलं. तेही तळहातावर घेतलं.

"किती खारट! दोन महिने हेच खाऊ घातलं मले?"

जीव भांड्यात पडला माझा.