चार चिठ्ठ्या

राधानगरी,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

चि. निशा हिस,
शालनताईचा सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. तू कशी आहेस हे फोनवर विचारलं असतं, पण तू उचलत नाहीस. पाच वर्षं एकाच डब्यातून जेवलो आपण. तरी तू कुरुंदवाडला बदली मागितलीस ते मला नोटीस बोर्डावर वाचावं लागलं. राग येणार नाही तर काय?

आज दवाखान्यात अंबूबाई आली होती. काठी टेकत, पहिल्या एसटीनं, तुझ्या गुरुवारच्या लकव्याच्या व्यायामाला. तू व्यायाम घ्यायचीस त्या व्हरांड्यात छतापर्यंत सलाईनची खोकी. कोल्हापुरात नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर आपल्या औषधवाल्या उदयसिंहानं घेतलेला हा पहिला निर्णय. दोन तास ती म्हातारी पायरीवर बसून होती.

"पोरगी न्हाय व्हय आज?"

"बदलून गेली."

"मग आता कोण हाय?"

"कोण न्हाय," मी म्हटलं.

"तू हाईस की."

मला तिचाच राग आला. मग आपल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांचा. डॉक्टर सोडून एकाला प्रशिक्षणाची जागा आहे, तुम्ही चौघांनी चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणाले. वर चहा पिताना "उदयसिंह बरा पडेल" हेही म्हणाले. एक्स-रेच्या हंबीररावांनी लगेच मान डोलावली. उदयसिंहाला तीन चिठ्ठ्या, मला एक, तुला एकही नाही. माझ्या नावाची चिठ्ठी तुझ्या अक्षरातली होती. आणि आदल्या दिवशी मी तुला मत द्यायचा शब्द दिला होता.

तीन महिने मी मनाशी घोकतेय की आपण दोघी एकाच समाजाच्या, एकमेकींना मत दिलं असतं तर लोक काय म्हणाले असते. खोटं आहे ते. चिठ्ठीवर कुणाची सही नव्हती. बावीस वर्षं मी इथं रक्त काढतेय आणि अठ्ठावीस वर्षांची पोरगी माझी पुढारी होणार, हे मला सोसवलं नाही. तू व्हरांडा मागायला गेलीस तेव्हा साहेबांपुढं खुर्चीवर बसून बोललीस. मी अजून उभीच राहते. त्या खुर्चीचा राग होता मला.

दुपारी मी खोकी हलवायला घेतली. उदयसिंह धावत आला.

"कुणाला विचारून चाललंय हे?"

"कुणालाच न्हाय."

तो साहेबांकडं गेला. हंबीरराव मात्र पुढं झाले आणि त्यांनी खोक्याची दुसरी बाजू धरली. मग अंबूबाईनं व्यायाम केले. तिला सगळे पाठ आहेत, मला एकही येत नाही. तिचा खांदा कुठवर उचलायचा हे विचारायला माणूस नव्हतं. मी नुसती धरून उभी होते, भीत भीत.

संध्याकाळी जिल्ह्याला अर्ज टाकला. पुढच्या प्रशिक्षणाला तुला घ्यावं आणि दर गुरुवारी तुला इथं पाठवावं, असा. चिठ्ठीचं जे केलं तेही त्यात लिहिलंय. इतक्या वर्षांत साहेबांच्या सहीशिवाय माझा एक कागद बाहेर गेला नव्हता. हा गेला. उद्या बोलावणं येईल. खुर्ची ओढून बसणार आहे.

ये म्हणायचा हक्क मी घालवलाय, म्हणून म्हणत नाही. पण पुढच्या गुरुवारी अंबूबाई परत विचारील. तिला काय सांगू, एवढं कळव.

तुझ्या नावाची चिठ्ठी न टाकणारी,
शालन मधाळे
प्रयोगशाळा तंत्रज्ञ