मुलगी उजवायची, पण डावीकडून

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप वृषभमामा यांना भाग्यश्रीचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मामींनी आणलेलं तेल लावता, की बाटलीकडं नुसतं बघता? गडहिंग्लजात सगळे मजेत असतील. इकडं मात्र तुमच्या कृपेनं काही धड नाही. (कृपा हा शब्द रागानं लिहिलाय. उगीच खूश व्हाल.)

तुम्ही माझं स्थळ घेऊन जयसिंगपूरला जयपालच्या घरी गेलात आणि छातीठोक सांगून आलात, पोरगी सगळं उजव्या हातानं करते म्हणून. मामा, मी जन्माची डावरी! अव्वानं (म्हणजे तुमच्याच आक्कानं) चापट्या मारमारून मला जेवणापुरतं उजवं केलं, त्यापुढं तिचेच हात दुखले. ऑफिसातही माऊस उजवीकडंच. पण ज्यात मी प्रोग्रॅम लिहिते, त्या एडिटरमध्ये एक सोय सापडली: कुठलं बटण दाबलं की काय व्हायचं, ते आपलं आपण ठरवायचं. मी नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. माऊस डावीकडं घेतला. डाव्या हाताचं पहिलं बोट उजव्या बटणावर येतं, म्हणून नेहमीचं काम त्याला दिलं. डावं बटण रिकामं राहिलं. रिकामं बसलेलं मला बघवत नाही (आपल्या घराण्यात ते काम तुमच्याकडं आहे), तेव्हा त्यालाही जुंपलं. दाबलं की आख्खी ओळ पुसायची.

मागच्या मंगळवारी, ना निरोप ना काही, जयपालचे वडील अण्णासो आणि त्याची आत्या सीताबाई ऑफिसात हजर! पोरगी दिवसभर करते काय, ते बघायला. पडद्यावर इचलकरंजीच्या एका माग कारखान्याच्या पाळ्यांचा प्रोग्रॅम उघडा. मी घाईघाईनं माऊस उजवीकडं सरकवला, एवढंच सुचलं. अण्णासो थेट माझ्या खुर्चीत बसले (रिटायर झाल्यावर त्यांनी दोन महिन्यांचा क्लास केलाय) आणि रुबाबात डावं बटण दाबलं. ओळ गेली. कुठं गेली बघायला परत दाबलं, दुसरी गेली. "आयला, हे पळतंय की!" म्हणत त्यांनी पहिली पाळी संपवली आणि दुसरीला हात घातला. खरं बोलावं तर लग्न जातंय, गप्प बसावं तर कारखाना जातोय. आणि लाज सोडून लिहिते मामा, मला जयपाल आवडलाय. बघायला आला तेव्हा त्याचं बिस्कीट चहात पडलं, सगळे गंभीर झाले आणि तो एकटाच हसला.

सीताबाई म्हणाल्या, आता तूच नीट करून दाव. मी शहाण्यासारखा उजव्या हातात माऊस धरला आणि स्वतःच्या बोटानं आणखी तीन ओळी उडवल्या. मग मात्र डोकंच फिरलं. माऊस धाडकन डावीकडं आपटला आणि म्हटलं, मी डावरी हाय, मामा खोटं बोलले. केलेलं परत फिरवायची सोय एडिटरात असते (तुमच्या जिभेत नाही), तिनं गेलेल्या सगळ्या ओळी परत आणल्या. अण्णासो अर्धा चहा ठेवून उठले. त्याला आज नऊ दिवस झाले, निरोप नाही. अव्वा कपाळाला हात लावून म्हणते, ही पोरगी आता उजवायची कशी? मला नेमकं त्या शब्दाचं हसू येतं, आणि हसलं की चापट बसते.

तुमची, खरं तर तुमच्यामुळंच अडकलेली भाची,
भाग्यश्री

ता. क. पत्राचं कारण हे: पत्र मिळताच पहिल्या एसटीनं जयसिंगपूरला जा आणि खोटं आपणच बोललो, पोरीचा दोष नाही, असं कबूल करा. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.

ता. क. दुसरा. थांबा, जाऊ नका! पाकीट चिकटवतानाच जयपालचा फोन आला. डाव्या हाताचं त्यांना काहीच नाही. सीताबाई म्हणाल्या म्हणे, घालवलेलं परत आणणारी सून पायजे. मुलगी पसंत आहे, मामा नापसंत. बोलणी करायला तुम्ही यायचं नाही, एवढी एकच अट आहे. मी लगेच हो म्हटलं.

ता. क. तिसरा. लग्नाला मात्र नक्की या. आणि अक्षता उजव्या हातानं टाका. मुलीकडची एवढी एक गोष्ट तरी तुम्ही सांगितल्याप्रमाणे होऊ दे.