चिमूटभर तू आणि तो निळा समुद्र

प्रिय सुमन,

माझ्या आईचे गुडघे तिकडे तरी वळतात का? आप्पांचा खोकला थांबला असेल, तिथं तंबाखू कोण देणार त्यांना! आपली कपिला गाय भेटली का? आणि तुझी कंबर? आता वाफ्यात वाकायचं नाही, म्हणजे बरी असणार.

मी मात्र मजेत नाही. उद्या परतीचं विमान आहे आणि तुझी कुंकवाची डबी अजून माझ्याच खिशात आहे, म्हणून लिहायला बसलो.

होय बाई, आलो एकदाचा! ग्रीसच्या बेटावर, तुझ्या त्या कॅलेंडरातल्या गावात. आपल्या दिलीपने आणलं. पंचवटीतल्या आपल्या फुलांच्या दुकानात ते चित्र किती वर्षं लटकलं होतं. पांढरी घरं, निळं पाणी. कॅलेंडर जुनं झालं तरी तू उतरवू दिलं नाहीस. समोर रामकुंडात राख, सडका झेंडू, पिठाचे गोळे तरंगताना बघायचीस आणि नाकाला पदर लावायचीस. "मला त्या चिखलात सोडायचं नाय, सांगून ठेवते. ह्या निळ्या पाण्यात सोडा." मी हसायचो. तू गेलीस तेव्हा भावकीने तुला रामकुंडातच नेलं, माझं कोण ऐकतंय! राखेची ही चिमूट तेवढी मी तुझ्या डबीत मागे ठेवली.

आता ऐक तुझ्या निळ्या पाण्याचं!

ऊन झकास आहे, पाणी लांबून निळंच आहे. जवळ गेलो तर अंगाला तेल चोपडून माणसं उघडीवाघडी पडलेली, पापड वाळत घातल्यासारखी. वाळूत सिगारेटची थोटकं, पाण्यावर त्याच तेलाचा तवंग. धक्क्यावर एक बाप्या आठ पायांचा लिबलिबीत प्राणी दगडावर आपटत होता. आपटून आपटून दोरीवर बाकीच्यांशेजारी टांगला. आपण माळा टांगतो ना, अगदी तसेच ओळीने! शी! आणि संडासातले कागद म्हणे टोपलीत टाकायचे. टोपलीत, सुमन!

तरी नाक दाबून, चप्पल काढून पाण्यात उतरलो. डबी उघडली. तेवढ्यात पोटरीला काहीतरी चिकटलं. बघतो तर कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी! डबी मिटली आणि तडक बाहेर आलो.

दिलीप वैतागला. "बाबा, रामकुंडात डोळे मिटून बुडी मारता की! इथंच कसली किळस?"

"तिथं मी बुडतो आणि वर येतो रे. हिला कायमचं राहायचंय."

सूनबाईने बाटलीतलं पाणी माझ्या पायावर ओतलं.

रागावू नकोस, एवढ्या लांब आणून परत नेतोय तुला. पण चित्र बघून असा हट्ट धरतं का गं कुणी? दिलीप दोघांना चला म्हणत होता, तेव्हा तुझं एकच, "दसरा होऊ द्या, झेंडू कोण तोडील?" आली असतीस तर स्वतःच बघितलं असतंस. दोघं मिळून शी-शी केलं असतं!

आता मी ठरवलंय. घरी पोचलो की विहिरीचं पाणी काढून तुला शेवंतीच्या वाफ्यात सोडतो. ते पाणी मी रोज पितो, खात्रीचं आहे. आणि शब्द देतो, त्या वाफ्याचं एकही फूल तोडणार नाही. तोडलं की माळेत जाणार, माळ रामकुंडात जाणार, आणि मग तू काय म्हणशील ते मला इथं बसल्या जागी ऐकू येतंय!

वाफा कुठला, विहिरीजवळचा की बांधाकडचा, तेवढं लवकर कळव. तोवर डबी खिशातच आहे.

तुझाच,
केशव